उन्हात ठेवलेली तबकडी

नर्सच्या धंद्यात मी पुष्कळ माणसं मरताना पाहिली. त्यांतल्या बहुतेकांचे चेहरे आता आठवत नाहीत आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. माझ्या हातून कुणाचं औषध चुकलं नाही, की कुणाची चादर ओली राहिली नाही. एका बाईंच्या बाबतीत मात्र मी चुकले. औषधात नाही, गाण्यात चुकले.

मी मूळची टाकव्याची. लग्न झालं ते आठ महिन्यांत मोडलं. सासरच्यांचं म्हणणं असं की पोरगी तोंडाळ आहे आणि कुणाचं ऐकून घेत नाही. त्यात खोटं काही नव्हतं. वडिलांनी गावाची बोलणी खाऊन मला पुण्याला मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला घातलं. तिथं तोंडाळपणाला शिस्त म्हणतात हे कळल्यावर मी चांगलीच रमले. दुसरी मोठी लढाई सुरू झाली तेव्हा मी छत्तिशीची होते आणि लोणावळ्यात घरोघरच्या क्षयरोग्यांची शुश्रूषा करून पोट भरत होते. तेव्हा या रोगावर औषध नव्हतं. हवा, अंडी, माशाचं तेल आणि पडून राहणं, एवढ्यावर सगळा कारभार. ज्यांना परवडे ते मुंबईचे लोक आपला रोगी इथं एखाद्या बंगल्यात आणून ठेवत आणि महिन्यातून एकदा नाकाला रुमाल लावून भेटून जात.

या बाईही अशाच आल्या. वसईकडच्या ख्रिस्ती, वय पंचेचाळीसच्या आसपास, लग्न केलेलं नव्हतं. मुंबईत एका शाळेत मुलींना विलायती गाणं शिकवायच्या. भावाचं औषधांचं दुकान होतं. त्यानं तुंगार्लीच्या वाटेवर एक लहानसा बंगला भाड्यानं घेऊन त्यांना ठेवलं होतं. घरात त्या, मी आणि वरच्या ठाकरवाडीतली एक बाई, एवढीच माणसं. ती ठाकरीण झाडलोट करी, पाणी भरी आणि बागेचं बघे. धोबी कपडे घ्यायला तयार नव्हता, तेही तीच धुई. तिला कुणी भीती घातली तर म्हणे, "मरन काय फडक्यात बांधून येतंय व्हय?"

मी पहिल्या दिवशी सामान लावत होते, त्यात तबकड्या वाजवायचा फोनोही होता. बाईंनी पलंगावरून विचारलं, "सिस्टर, फोनोला किल्ली देता येते का तुम्हाला?"

मी म्हटलं, "मला थर्मामीटर लावता येतो."

"तो सगळ्यांनाच येतो," त्या म्हणाल्या आणि हसल्या. हसता हसता खोकला आला, आणि मला माझं बोलणं गिळावं लागलं.

डॉक्टरांची सक्त ताकीद होती की बाईंनी गायचं नाही, गुणगुणायचंही नाही, बोलायचं तेसुद्धा हळू. ऐकायला हरकत नव्हती. त्यांच्याजवळ चाळीसएक तबकड्या होत्या, सगळ्या विलायती संगीत नाटकांतल्या पदांच्या. पहिली तबकडी लावली तेव्हा मला वाटलं, कुणाचा तरी दात उपटतायत. एक बाई टिपेच्या वर जाऊन किंचाळत होती आणि मागे पन्नास माणसं वाजवत होती. मी खिडक्या लावायला निघाले, तर बाई म्हणाल्या, "राहू द्या. शेजाऱ्यांना रोगाची भीती वाटते, गाण्याची वाटत नाही."

मी संगीत नाटकं पाहिलेली होती. पुण्यात शिकताना आम्ही मुली पिटात बसून यायचो. नऊवारी नेसलेला पुरुष नायिका होऊन गायचा आणि खऱ्या बायका त्याचं पाहून पदर घ्यायला शिकायच्या. कथा तिथंच थांबायची, वन्समोअर व्हायचा, मेलेलं पात्र उठून पुन्हा गायचं. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला. त्यांच्याकडेही अगदी तस्सं, म्हणाल्या. पोटात खंजीर खुपसून घेतलेला माणूस तिथं पाच मिनिटं गातो. एका नाटकात तर नायिकाच क्षयाची रोगी असते आणि शेवटच्या अंकात छताला भिडेल असा सूर लावून मरते.

"क्षयाची?" मी म्हटलं. "एवढा दम आणते कुठून?"

"तेच तर," बाई म्हणाल्या. "मी हल्ली रोज तिला विचारते."

त्यांची थट्टा अशी असे. मलाही तशीच थट्टा येई, म्हणून आमचं जमलं.

हळूहळू माझा कान बसत गेला. शब्द इटलीचे, मला कळायची सोय नव्हती; बाई आधी अर्थ सांगत आणि मग तबकडी लावायला लावत. त्यांचं सगळ्यांत लाडकं पद एकच होतं आणि ते तीन वेगवेगळ्या गायिकांचं त्यांच्याकडे होतं. त्या नाटकातली नायिका स्वतःच गाणारी असते. ती मोठ्या संकटात सापडते आणि देवाला विचारते की मी आयुष्यभर गाणं केलं, कुणाचं वाईट केलं नाही, तुझ्या देव्हाऱ्यात फुलं वाहिली, मग माझ्या पदरात तू हे का घातलंस? मी म्हटलं, हे तर आमच्याकडे प्रत्येक बाई जात्यावर विचारते. "विचारत असेल," बाई म्हणाल्या, "पण जात्यावर श्वास कुठंही घेतला तर चालतो."

तिथून त्यांनी मला श्वास ऐकायला शिकवलं. म्हणाल्या, आवाज देवाचा असतो, त्याचं कौतुक देवाला करू द्या. गाणाऱ्याचा स्वतःचा असतो तो श्वास. तो कुठं घेतला, कुठं चोरला आणि कुठं घेण्याचं टाळलं, यात तिची सगळी अक्कल कळते. त्या तीन गायिकांना मी माझी नावं ठेवली होती. एकीचा फोटो पाहून जाडी, एक प्रत्येक ओळ हुंदक्यावर सोडायची म्हणून रडी, आणि तिसरी राणी. त्या पदाच्या शेवटी एक लांब ओळ येते, वर चढते आणि तिथून सावकाश उतरते. देवाला शेवटचा प्रश्न विचारायची ती ओळ. जाडी मध्येच सरळ भोक पाडून श्वास घ्यायची. रडी हुंदक्याच्या आडून घ्यायची आणि तिला वाटायचं कुणाला कळलं नाही. एकटी राणी घ्यायची नाही. मी नाडी मोजायचं घड्याळ हातात धरून ती ओळ मोजायची, आणि बाई स्वतःच्या बरगड्यांवर तळहात ठेवून डोळे मिटून पडायच्या. रोग्याची छाती वरखाली होताना मी हजारदा पाहिली आहे. त्यांची राणीच्या श्वासाबरोबर वर जायची आणि तिथंच थांबायची, आणि मग मी पुढं होऊन पिन उचलायची. "बास, डॉक्टर मला फासावर देतील," असं म्हणायची.

त्या सहा महिन्यांत मी जेवढं शिकले तेवढं दवाखान्यात तीन वर्षांत शिकले नव्हते. बायकांचं किंचाळणं म्हणून ज्याला मी नाक मुरडलं होतं, ते ऐकताना एकदा माझ्याकडून चुलीवरचं दूध उतू गेलं. मला ते आवडायला लागलं होतं, आणि आवडलं हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. राणीची तबकडी मी धूळ पुसताना सगळ्यांत वर ठेवायची, त्यावरून त्या समजल्या असतील.

चाळिसांत एक तबकडी वेगळी होती. तपकिरी पाकिटात, एकाच बाजूनं वाजणारी, मधल्या पांढऱ्या कागदावर शाईनं काहीतरी खरडलेलं. ती बाईंची स्वतःची होती.

एकवीस वर्षांच्या असताना मुंबईला इटलीची एक नाटक कंपनी आली होती. बाईंचे गुरुजी इटलीचेच, म्हातारे, मुंबईतच कायमचे राहिलेले. त्यांनी कंपनीच्या लोकांच्या हातापाया पडून, त्यांचाच वादकांचा ताफा घेऊन, बाईंच्या आवाजात ते पद भरून घेतलं. नमुन्याची एक तबकडी निघाली. तबकड्या काढणारा साहेब म्हणाला की पोरगी चांगली गाते, पण सावळ्या पोरीचं हे गाणं विकत कोण घेणार? पुढं काही निघालं नाही. वडिलांनी रंगभूमीचं नाव काढू दिलं नाही. पंचवीस वर्षं बाईंनी दुसऱ्यांच्या मुलींना सारेगम शिकवलं.

"ती मी एकदाच ऐकली, तबकड्यांच्या दुकानात," त्यांनी मला सांगितलं. "शेवटच्या ओळीत मी श्वास घेतला नव्हता. गुरुजी खुर्चीतून उठून उभे राहिले. पिन दर खेपेला तबकडी थोडी थोडी खाते, म्हणून पुन्हा लावली नाही. माझ्याजवळ दाखवायला तेवढंच आहे, सिस्टर. डॉक्टर बाहेर जाऊन तुमच्याशी हळू बोलतील ना, त्या दिवशी लावा. त्याआधी नको."

मी कबूल केलं. मी एकदा कबूल केलं की ते होतंच, असा माझा लौकिक होता.

लोणावळ्याचा पाऊस त्या साली आश्विन लागला तरी हलेना. चार महिने घरातल्या वस्तूंना भुरी चढली. चपलांना, पुस्तकांना, पलंगाच्या पायांना. तबकड्यांच्या कागदी पाकिटांवरही हिरवट डाग पडले आणि आतल्या रेषांमध्ये पांढरी भुकटी दिसू लागली. आमच्या मावळात याला एकच उपाय असतो. पहिलं कडक ऊन पडलं की गोधड्या, डाळी, पोथ्या, पेट्या, सगळ्याला ऊन दाखवायचं. माझ्या आईनं आयुष्यभर तेच केलं. आणि दवाखान्यात मला शिकवलं होतं की क्षयाच्या जंतूंना उन्हासारखं विष नाही, रोग्याच्या खोलीतली प्रत्येक वस्तू उन्हात घाला. आई आणि डॉक्टर यांचं एकमत झालेलं मी दुसऱ्या कशात पाहिलं नाही.

ऊन पडलं त्या सकाळी बाई पुढच्या व्हरांड्यात पडून होत्या. मी मागच्या अंगणात जुनी गोधडी अंथरली आणि तबकड्या पाकिटांतून काढून एकेक मांडल्या. फोनोच्या खालच्या कप्प्यात तीन-चार होत्या त्या तेवढ्या राहिल्या. तपकिरी पाकिटातलीही काढली. तिलाच भुरी सगळ्यांत जास्त होती, कारण ती कधी वाजवली जात नव्हती.

ठाकरीण पाण्याचा हंडा घेऊन आली ती थबकली. वाकून तिनं एका तबकडीची तुटकी कड नखानं खरवडली आणि नख नाकाशी नेलं.

"मावशी, ह्ये लाखंचं हाय."

"असेल."

"लाख उन्हात मऊ व्हती. आमी इळ्याच्या मुठीत लाख भरतो न्हवं, ती उन्हात ठिवत न्हाई. हालून जाती."

मी म्हटलं, "तू मला शिकव आता. हंडा ठेव आणि जा."

तिनं नख लुगड्याला पुसलं. हंडा ठेवून गेली. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं म्हणतात. मी पहिलं अर्धं कधी केलं नाही.

तासाभरात उचलायच्या असं मी ठरवलं होतं. अर्ध्या तासानं पुढून खाकरल्यासारखा आवाज आला. मी धावले तर बाईंच्या हनुवटीपासून छातीपर्यंत रक्त. त्या दिवशी रक्त थांबायला तीन तास लागले. ठाकरणीला मी डॉक्टरांकडे पिटाळलं. बर्फ, मीठ, सुई, उशा, सगळं मी एकटीनं केलं आणि चांगलं केलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही नसता तर आज गेल्या असत्या." ते ऐकून मला बरं वाटलं हेही खरं. हात धुवायला मागच्या अंगणात गेले तेव्हा ऊन पार भिंतीला टेकलं होतं.

तबकड्या तळणीत टाकलेल्या पापडांसारख्या झाल्या होत्या. काहींच्या कडा उचललेल्या, काही मधून खोलगट. गोधडीच्या टाक्यांचे ठसे उमटले होते. तपकिरी पाकिटातली एका बाजूनं वर आली होती आणि दुसऱ्या बाजूनं खाली गेली होती. मी ती दोन्ही हातांनी सपाट करायला गेले तर ती वाकली, गार पडल्यावर मात्र पुन्हा कडक झाली आणि तशीच राहिली.

रक्त आलं म्हणून विसरले, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. ते कुणालाही पटलं असतं, बाईंना तर नक्कीच पटलं असतं. पण ठाकरणीनं मला आधी सांगितलं होतं, आणि ते तिला माहीत होतं, आणि मला माहीत होतं. मी तिला म्हटलं, "बाईंना काही बोलायचं नाही." ती म्हणाली, "मी कशाला बोलू? त्येंना काय कमी दुखतंय?"

मी ती तबकडी दोन फळ्यांमध्ये धरून पाट्याखाली ठेवली. पाटा चांगला जड होता. पंधरा दिवसांनी काढली तेव्हा वाकडेपणा निम्म्यानं कमी झाला होता. पण ती वाजते की नाही हे बघायचं कसं? घर एवढंसं, फोनो बाईंच्या पलंगाशी. किल्लीचा पहिला वेढा दिला तरी त्या डोळे उघडत.

खोटं बोलायला मी सरावलेली नव्हते, पण चटकन जमलं. बाईंना थोडी हुशारी आल्यावर त्यांनी राणीची तबकडी मागितली. राणीही अंगणातल्या गोधडीवर होती. मी म्हटलं, "पिना संपल्या. लढाईमुळे पुण्यातही मिळत नाहीत." पिनांची टंचाई खरीच होती, आमच्या डबीत मात्र अजून चाळीसएक होत्या. डबी मी माझ्या ट्रंकेत टाकली. तीन आठवडे त्या घरात गाणं झालं नाही. बाई छताकडे पाहत पडून असत. ज्या माणसाला गायची, बोलायची, चालायची बंदी, त्याचं ऐकणंही मी काढून घेतलं. माझी लाज राखायला. दुसरं कारण नव्हतं.

एका सकाळी त्याच म्हणाल्या, "सिस्टर, मुंबईत काही शौकीन लोक पिनेऐवजी काटा लावतात. काटा तबकडी खात नाही. आवाज जरा दबतो एवढंच."

ठाकरणीनं बाभळीचे मूठभर काटे आणले. बाईंनी ते पाहून त्यांतले सरळ आणि वाळलेले निवडले, मी कात्रीनं मागचं टोक कापलं, आणि काटा पिनेच्या जागी बसला. कप्प्यात उरलेल्या तीन-चार तबकड्या आम्ही आलटून पालटून लावल्या. त्यांत जाडी होती, ते लाडकं पद होतं, पण भोक पाडून घेतलेल्या श्वासाचं. आवाज पडद्याआडून यावा तसा येई. राणी कधी मागितली की मी म्हणे, "तिला भुरी लागली आहे, पुसून ठेवली आहे, अजून ओली आहे." त्या हूं म्हणायच्या. चोराच्या मनात चांदणं असतं; मला वाटे त्यांना सगळं माहीत आहे. नसावं. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

माघात डॉक्टर तपासून बाहेर आले आणि व्हरांड्याच्या पायरीशी उभे राहून माझ्याशी हळू बोलले. खिडकी उघडी होती. मी आत गेले तेव्हा बाई म्हणाल्या, "उद्या दुपारी लावू या. सकाळी ताप उतरला की दुपारी कान चांगले असतात."

माझ्याजवळ एक दिवस होता. वाकलेली तबकडी लावली तर ती वाजेल की काटा उडून पडेल ते मला माहीत नव्हतं. आणि ती लावली तर सगळं सांगावं लागलं असतं. मी सांगितलं नाही. रेल्वेच्या एका साहेबाची गोरी मडम खालच्या अंगाला राहत होती, तिच्या बाळंतपणात मी होते. तिच्याकडे तबकड्या होत्या. मी त्या पदाची चाल तिला गुणगुणून दाखवली. आयुष्यात मी गायले ती तेवढीच. तिनं लगेच काढून दिली. कुणा परदेशी गायिकेची होती, मी तिचं नाव कधी ऐकलं नव्हतं. मडमेनं ती लावून दाखवली, चहा पाजला आणि बाळाचे दात दाखवले. मी आवाज तरुण आहे का, कोवळा आहे का, एवढंच ऐकलं. श्वास कुठं घेते ते ऐकायचं मला सुचलं नाही. सहा महिने मला तेवढी एकच गोष्ट शिकवली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाईंचे केस विंचरले. त्यांनी स्वच्छ झंपर मागितला. उशा लावून त्यांना थोडं उठवून बसवलं. ठाकरीण दारात येऊन उभी राहिली, तिला मी जा म्हटलं नाही. मी तपकिरी पाकिटात घालून ठेवलेली मडमेची तबकडी काढली, बाईंकडे पाठ करून ठेवली, नवा काटा बसवला. काट्यानं आवाज दबेल, मग ओळखू येणार नाही, हे मी आधीच योजून ठेवलं होतं.

बाईंनी तळहात बरगड्यांवर ठेवला आणि डोळे मिटले. गाणं सुरू झालं. त्यांच्या तोंडावर मी कधी पाहिलं नव्हतं असं काहीतरी आलं. पंचवीस वर्षांनी कुणी भेटावं तसं. "किती कोवळा," त्या पुटपुटल्या. मला वाटलं, निभावलं. बाई समाधानानं जातील, आणि त्यात कुणाचं काय बिघडलं?

शेवटची ओळ आली. आवाज वर चढला. बाईंची छाती वर गेली आणि तिथं थांबली. मीही थांबले. आणि ओळीच्या मध्यावर, अगदी स्पष्ट, काट्यातूनही ऐकू येईल असा, त्या परक्या बाईनं श्वास घेतला.

बाईंचे डोळे उघडले. पद संपलं, तबकडी फिरत राहिली. मी काटा उचलला.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "ऐकलंत? श्वास घेतला मी."

मी फिरती तबकडी हातानं थांबवली.

"मध्येच घेतला. जाडीसारखा." त्यांनी बरगड्यांवरचा हात काढून घेतला. "गुरुजी मग उभे का राहिले? दया आली असेल त्यांना. म्हातारे होते, मायाळू होते. मी जन्मभर भलतंच धरून बसले."

ठाकरीण माझ्याकडे पाहत होती. तिला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण तपकिरी पाकिटातली खरी तबकडी कुठं आहे ते माहीत होतं. मला फक्त म्हणायचं होतं, बाई, ही तबकडी तुमची नाही. एवढे पाच शब्द. तोंडाळ म्हणून नवऱ्यानं टाकलेली मी, डॉक्टरांना तोंडावर बोलणारी मी, माझ्या तोंडून ते पाच शब्द फुटले नाहीत. आता सांगितलं तर आणखी धक्का बसेल, रक्त येईल, असं मी मनाशी म्हटलं. ते नर्सचं बोलणं होतं आणि ते खोटं होतं. भीती मला माझ्यापुरतीच वाटत होती.

"ठेवून द्या ती," बाई म्हणाल्या. "केस मोकळे करा. ओढ बसते."

त्या दोन दिवस जगल्या. गाण्याचा विषय त्यांनी काढला नाही, फोनोकडे पाहिलं नाही. मी काही विचारलं की "चालेल" म्हणायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला मी स्वयंपाकघरात गेले आणि परत आले तेव्हा गेल्या होत्या. भाऊ दुपारच्या गाडीनं आला. मातीला मोजून नऊ माणसं होती. जाताना तो मला म्हणाला, "सिस्टर, तुम्ही खूप केलंत तिच्यासाठी. तिच्या सगळ्या वस्तू जाळून टाका. फोनोही. घरात नको."

मडमेची तबकडी मी परत करून आले. घराला चुना लावायचा होता, गंधकाची धुरी द्यायची होती. मागच्या अंगणात आम्ही गादी, उशा, कपडे पेटवले आणि वर वाकड्या तबकड्या टाकल्या. त्या ठिबकत जळाल्या. काळा धूर निघाला आणि कासाराच्या दुकानात येतो तसा वास सुटला. ठाकरीण काठीनं विस्तव सारखा करत होती. "लाखच व्हती," ती म्हणाली, तेही हळू, मला लागू नये म्हणून.

एक मी टाकली नाही. ती घेऊन आत गेले. खोलीत लोखंडी पलंगाचा सांगाडा आणि फोनो एवढंच उरलं होतं. ट्रंकेतून पिनांची डबी काढणार होते, पण मग काटाच बसवला. किल्ली दिली.

वाजली. चाकोरीतून गाडी हेलकावे खात जावी तसा काटा वर जायचा, खाली यायचा, आणि त्याच्याबरोबर आवाजही. पण तो उडून पडला नाही. पाट्याखालून काढली त्या दिवशीच वाजली असती. माघातल्या त्या दुपारीही वाजली असती. सूर हलत होते, शब्द लांबत होते, पण आवाज कुणाचा ते कळत होतं. माझ्याशी थट्टा करणाऱ्या, खोकल्यानं फाटलेल्या आवाजाच्या आधीचा, एकवीस वर्षांचा तो आवाज होता. माझा हात आपोआप माझ्या बरगड्यांवर गेला.

शेवटची ओळ आली. वर चढली. मी श्वास धरला आणि थांबले. ती उतरू लागली, हेलकावत, सावकाश, आणि उतरतच राहिली. मध्यावर काही नाही. मध्याच्या पुढंही काही नाही. माझा दम संपला, मला श्वास घ्यावा लागला. त्यांनी घेतला नाही. अगदी शेवटपर्यंत नाही.

"नव्हता घेतला, बाई," मी पलंगाच्या सांगाड्याकडे पाहून मोठ्यानं म्हटलं. "तुम्ही नव्हता घेतला."

ठाकरीण चुन्याची बादली घेऊन दारात उभी होती. "कुनाशी बोलताय, मावशी?"

"कुणाशी नाही," मी म्हटलं. "तू चुना लावायला घे."